चाकावरच्या घराचं पाणी

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

मु. पळसदेव, ता. इंदापूर
वैशाख, सन १९९६

चि. आबाजीस थोरल्या भनीचा, म्हाळसाचा, आशीर्वाद. (चिरंजीव लिवायची रीत हाय म्हणून लिवलं. तोंडात चार दात उरलेल्या माणसाला काय म्हणायचं ते मास्तरनं शिकवायच्या आत आपल्या बानं मला शाळेतनं काढून मेंढरामागं धाडलं.) हिकडं समदी बरी हायती, तिकडची खुशाली कळवावी. तुझ्या गुडघ्याचं कळलं. मागच्या पत्रात तू गुडघ्यावर पानभर लिवलंस आन बायकोवर अर्धी ओळ, त्यावरनं ती धडधाकट हाय असं धरून चालते. धरणाचं पाणी लई खाली गेलंय, जुनं देऊळ उघडं पडलंय, आन पुण्याची माणसं मोटारी घिऊन ते बघायला येत्यात. येताना प्यायचं पाणी बाटलीत घिऊन येत्यात. आमच्या धरणात काय काय वाहून येतं ते त्यास्नी आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आसंल.

आता मुद्द्याला येते. आपली स्वप्नाली, माझ्या लेकाची, दादासाहेबाची पोरगी, तूच लोणी भापकरला तिची सोयरीक जुळवलीस, तिला तितं चार वरसं झाली. लेकरू न्हाय. आजवर कुणी बोललं न्हाय, आता बोलत्यात. तिची सासू, आपली इहीणबाई गोजरबाई, हिनं आपल्या लेकासाठी दुसरी पोरगी बघून ठिवल्याचं कानावर आलं. स्वप्नालीला हाकलणार न्हाईत म्हणं. ती बी ऱ्हाईल, शेरडं बघंल, दोन वेळचं खाईल. (कायदा असतो म्हणत्यात, पण कायदा चुलीपतोर येत न्हाय.) ऐकून दादासाहेब रडला. मी न्हाय रडले. मला पोरगी तितं बायको म्हणून ठिवायची हाय, शेरडं राखायला न्हाय, आन रडून त्यातलं काय बी होत न्हाय. अशात गोजरबाईचा सांगावा आला की राम, स्वप्नालीचा नवरा, नवी गाडी घिऊन तुळजापूरला निघालाय, तुमी बी चला, वाटंत निवांत दोन शब्द बोलू. ते दोन शब्द कोणते ते मला ठाऊक व्हतं. तरी निघाले. दुसऱ्यानं येऊन सांगण्यापेक्षा तोंडावर ऐकलेलं बरं, निदान तोंड तरी बघायला मिळतं.

आधी गाडीचं सांगते, न्हाय तर पुढचं तुला उमगायचं न्हाय. जावई रामराव बारामतीला गॅरेजात कामाला हाय. मागं हायवेवर एका गोऱ्या नवराबायकोची गाडी बंद पडली ती यानं चालू करून दिली. त्या गाडीत म्हणं चूल व्हती, पलंग व्हता, आन भिंतीला तोटी. गोऱ्यांनी हिरीच्या पाण्याला हात बी लावला न्हाय, तोटी फिरवून आपलं आपण प्याले. त्या दिसापासनं रामाच्या डोक्यात ती तोटी गळायला लागली. त्यानं दुधाचा जुना टेम्पो घेतला (नासक्या दुधाचा वास अजून बी ऊन चढलं की उठतो), आत बाजा ठोकल्या, स्टो बसवला, टपावर टाकी, टाकीला नळी आन नळीखाली स्टीलचा फिल्टर, चोराला खांबाला बांधावं तसा पट्ट्यानं भिंतीला आवळलेला. फिल्टराच्या वरच्या डब्यात पांढऱ्या मातीच्या दोन कांड्या असत्यात. पाणी कांडीतनं झिरपून खालच्या डब्यात उतरतं आन जंतू वरच ऱ्हात्यात. वर एवढे जंतू साठल्यावर त्यांचं काय करायचं, असं मी इचारलं तर म्हणला, कांडी घासून धुवायची. म्हंजी आधी पाणी धुवायचं, मंग पाणी धुणारी कांडी धुवायची, ती बी पाण्यानंच. एवढ्यानं भागलं न्हाय तर वरनं औषधाचे थेंब, त्यानं पाण्याला दवाखान्याच्या फरशीचा वास येतो. (आपण मेंढरामागं वाळूत झिरा काढून पदरानं गाळून पाणी प्यालो. त्यात पटकीनं माणसं पटापटा मेली, तवा जुनं ते चांगलं असं मी म्हणत न्हाय. पण त्या पाण्याला वास नव्हता.)

इथवर माझं काय म्हणणं नव्हतं. पण गोजरबाईनं त्या टेम्पोची वास्तुशांत घातली. दारावर तोरण, आत यायचं तर चपला काढून, गावजेवण वेगळं. चार कोपऱ्यांना कुकू लावता लावता भटजीला एक कोपरा गियरच्या दांड्यापाशी सापडला म्हणं. राम बी ज्याला त्याला सांगतो, ही गाडी न्हाय, घर हाय. बरं, घर तर घर. मंग ते नातीच्या सासरचं घर झालं, आन तुला काय रीत सांगायला पायजे व्हय? पोरीची कूस उजवंस्तवर तिच्या सासरी अन्न सोड, पाण्याचा थेंब आपण घेत न्हाय. दादासाहेब लोणीला जातो तो गावाबाहेरच्या हापशावर पोट भरून पाणी पितो आन मंग त्यांच्या दारात जातो. तू तर त्याच्याहून कडक. मागं तितं तुला उचकी लागली तरी तू पाणी घेतलं न्हाईस, उचक्या देत देत निमगाव केतकी गाठलंस.

तवा मी घरनं छागल भरून घेतली. (आपली जाड कापडाची पाण्याची पिशवी, ट्रकवाले बाहेर लटकवत्यात ती.) ती टेम्पोच्या आरशाला बाहेरनं अडकवली, म्हंजी माझं पाणी त्यांच्या घराबाहेर. रामाला वाटलं मला त्याच्या फिल्टराचा भरवसा न्हाय. इंदापूर येस्तवर त्यानं मला जंतू समजावून सांगितले. मी म्हणलं, जावईबापू, जंतूंशी माझं वैर न्हाय, रीत आडवी येती. तर म्हणला, “आज्जी, ह्याला पाठीमागं नंबर हाय. घराला कुठं नंबर असतो व्हय?” म्हणलं, ग्रामपंचायत प्रत्येक घरावर नंबर टाकती, डांबरानं. मंग तो टेंभुर्णीपतोर हॉर्न वाजवत बसला.

वाटंत टाकी रिकामी झाली. मोहोळच्या अलीकडं एका मळ्यातल्या हौदातनं रामानं बादल्या भरून टपावर चढवल्या. हौदात म्हस बसलेली. मी बघितलं. त्यांच्या घरच्या पाण्यात मी कशाला तोंड घालू? स्वप्नाली हळूच म्हणली, आवो, म्हस हाय. तर म्हणला, “मंग फिल्टर कशाला घेतलाय?” आन फिल्टर तरी कसा, खाली तांब्या धरला की घळाघळा भरायचा. आमच्या सरकारी दवाखान्यात हाय त्यातनं पाणी सर्दीच्या नाकागत ठिबकतं. मी तसं म्हणले बी. राम म्हणला, तो साधा, हा चालत्या गाडीतला, खड्ड्यांनी ह्याला जोर मिळतो.

मोहोळच्या पुढं एका लिंबाखाली गाडी लावली. राम चाकाखाली शिरला, स्वप्नाली त्याच्यापाशी पाने घिऊन बसली. (ही दोघं तशी एकमेकाला धरून हायती. तो खालनं नुसता हात काढतो, कोणता पाना ते सांगत न्हाय, आन ही न चुकता बरोबर तोच ठिवती. दुसरी बायको पायजे का, हे त्याला अजून कुणी इचारलंच न्हाय. इचारलं तर तो नटाचं माप सांगंल.) गोजरबाईनं पान लावलं, मला दिलं, ते मी कनवटीला ठिवलं, आन तिनं सुरुवात केली.

“म्हाळसाबाई, तुमच्या पोरीला मी नाव ठिवत न्हाय. पण चार वरसं तुमची माणसं माझ्या दारातनं तहानलेली माघारी जात्यात. मला बरं वाटतं का ते? दुसरी आणली, पाळणा हालला, म्हंजी तुमी बी पाणी प्यायला मोकळ्या.”

बघ आबाजी. दुसरीच्या पाळण्यावर माझी तहान भागवायला निघाली व्हती.

छागल हाताच्या अंतरावर व्हती, अर्धी भरलेली. मी उठले, चपला काढल्या, त्या घरात शिरले आन फिल्टराखाली तांब्या धरला. म्हस डोळ्यापुढं आली. तिला बाजूला सारलं आन तांब्या तोंडाला लावला. मंग आणखी एक भरला, तो बाहेर आणून गोजरबाईच्या समोर बसून प्याले, म्हंजी नजरचुकीनं झालं असं म्हणायला जागा नको.

“आवो बाई, हे काय केलंसा!”

“पाणी प्याले,” म्हणलं. “लेकराची वाट बघायची ती ह्याच्यासाठीच ना? मी न्हाय बघत आता. पाणी घेतलं, उद्या जेवीन बी. आता मी लोणीला येणार, महिना महिना ऱ्हाणार. दुसरी सून आणा, मी मांडवात पुढं बसंन. तिला पहिलं ताट मी वाढंन, आन वाढता वाढता तुमचं समदं सांगंन.”

आबाजी, ही रीत पोरीकडच्यांनी पाळायची असली तरी तिच्यात सासरच्यांचा केवढा फायदा व्हता, ते त्या बाईच्या तोंडावर मला तवा दिसलं. चाकाखालनं रामानं मुंडी काढली आन वरडला, “आज्जी प्याल्या! बसला का न्हाय इश्वास?” त्याला दुसरं काय बी कळलं न्हाय. स्वप्नालीनं मातूर त्याच्या हातात पहिल्यांदा चुकीचा पाना ठिवला.

ह्यापुढचं जेवून वाचू नको. सोलापूर ओलांडलं आन म्हस माझ्या पोटात उठली. सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर गोजरबाईनं तुळजापुरापासनं लोणीपतोर ढोल वाजवला असता, की म्हातारीनं रीत मोडली, देवीनं वाटंतच दाखवलं, पोरीचाच पायगुण वाईट. मंग मी गाडी थांबवायला कारणं काढायला लागले. हितं ऊस कसा आलाय बघू. हितला लिंब दातवणाला चांगला. हितं माझी एक लांबची नणंद दिलीय. शेवटाला कारणं सरली तवा नुसतंच थांब म्हणलं आन टमरेल घिऊन बाभळीमागं गेले. तर बाभळीमागं आधीच गोजरबाई. टमरेलासकट. ती कवा उतरली मला ठाऊक न्हाय, मी थांबवली का तिनं थांबवली ते बी न्हाय. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणली, “ऊन लई हाय.” मी म्हणलं, “लई.” ती काय बोलणार? देवीनं मला दाखवलं म्हणावं तर तिला बी तेच दाखवलेलं. पाणी वाईट म्हणावं तर फिल्टर लेकाचा, वास्तुशांत घातलेला. (तरण्या दोघांना काय झालं न्हाय. त्या वयात पोट खिळे पचवतं.) तितनं पुढं गाडी थांबवायला आमाला कारण लागलं न्हाय. एकीनं खाकरलं की दुसरी टमरेल उचलायची.

तुळजापुरात दर्शन बरं झालं. रांगेचं इचारू नको. देवीपाशी गोजरबाईनं काय मागितलं ते ऐकू आलं न्हाय, पण बघताना ती देवीकडं कमी आन बाहेरच्या वाटंकडं जास्त बघत व्हती, मी बी. मुक्कामी स्वप्नालीनं फिल्टर घासायला काढला तर एक कांडी बुडातनं मोडून आडवी पडलेली, दुसरीचा नट ढिला. पाणी भोकातनं सरळ खाली. तिनं मला कानात सांगितलं, रामाला न्हाय, त्याचं तोंड उतरंल म्हणून. मोडकी कांडी तशीच उभी करून ठिवली. आता लोणीला तो फिल्टर गाडीतनं काढून सोप्यात मांडलाय, येईल त्याला राम त्यातलं पाणी देतो आन सांगतो, दोन म्हाताऱ्या तुळजापूरला जाऊन आल्या, शिंकल्या बी न्हाईत.

गोजरबाईनं माघारी येताना दुसऱ्या पोरीचा शब्द काढला न्हाय. उतरताना मला म्हणली, “या एकदा.” तिच्या तोंडातनं ते कसं निघालं ते तिलाच ठाऊक.

बाकी ठीक. भावजयीला आठवण काढली म्हणून सांग, पोरांना पापे. हात दुखला म्हणून थांबते, लिवायचं संपलं म्हणून न्हाय.

तुझी थोरली,
म्हाळसा

ता. क. गोजरबाई गप बसलीय, इसरली न्हाय. एकट्या म्हातारीनं पाणी प्यालं तर लोक म्हणतील म्हातारी चळली. सोयरीक जुळवणाऱ्यानं प्यालं तर म्हणतील आता लेकराची वाट बघायचं काय उरलं न्हाय, पोरगी पक्की तितलीच. तवा ह्याच आठवड्यात लोणीला जा. सोप्यात चार माणसं असतील अशी वेळ बघ आन पाणी मागून घे. तू रीतीचा पक्का हाईस हे समद्यांना ठाऊक हाय, म्हणूनच तुला सांगते. माझ्या पिण्याला तेवढं वजन न्हाय.

ता. क. दुसरा. चहावर भागवू नको. तुला मी वळखते. चहा उकळलेला असतो, त्यानं काय बाधत न्हाय, म्हणून त्याला पाणी म्हणत न्हाईत. कच्चंच प्यायचं, फिल्टराचं, तांब्या वर धरून, घोट वाजंल असं.

ता. क. तिसरा. कांडी अजून बदललेली न्हाय. जाताना दहीभात खाऊन जा, कनवटीला ओवा ठेव, आन माघारी यायला यष्टी धरू नको, कुणाची तरी थांबवता येईल अशी गाडी बघ. राम इचारंल, आबा, पाणी कसं हाय? गोड हाय म्हण, आन आणखी एक तांब्या माग.