दुसऱ्या घंटेआधी

३ डिसेंबर १९७९
दत्तजयंती. पहाटे नदीवर गेलो. धुकं इतकं की पलीकडचा घाट दिसेना, माणसांची बोलणी तेवढी पाण्यावरून येत होती. कुणाची ते कळत नाही. तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीला पाण्याखाली पुन्हा तीच घंटा. दीड वर्ष झालं, जात नाही.
तिकीट नक्की झालं. लोकसभेची ही चौथी निवडणूक. सदुसष्टला पडलो, एकाहत्तरला आलो, सत्त्याहत्तरला कसाबसा आलो. हिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे दारात परत चपलांचा ढीग." आणि चहाची मोठी पातेली माळ्यावरून काढायला लावली.

५ डिसेंबर
दिनकर माझी कारकीर्द लिहायला बसला आहे, पत्रकासाठी. आठ वर्षं माझी कागदपत्रं सांभाळून त्याला माझ्यापेक्षा माझं जास्त आठवतं. कोणत्या बिलाला मी कुठे मत दिलं, सगळं वहीत.
"अण्णा, एकदाही पक्षाविरुद्ध बटण दाबलं नाहीत तुम्ही. आखल्यासारखी ओळ आहे." मग त्याचं बोट थांबलं. "जमिनीच्या बिलापाशी मोकळं आहे."
"यंत्र बिघडलं होतं," म्हणालो.
"तेच यंत्र बाकी सगळ्यांचं चाललं." हसला तो. मला हसू आलं नाही.

७ डिसेंबर
कुठेतरी लिहायला हवं. इथे लिहितो.
सरकारला प्रकल्पासाठी जमीन झटपट घेता यावी, असं ते बिल. पक्षाचा हुकूम होता, बाजूने मत. आणि मळेवाडीला, माझ्या गावाला, मी शब्द दिला होता की विरोधात. तिथल्या फुलांच्या मळ्यांत मोजणीचे दगड आधीच रोवले होते.
पहिली घंटा झाली की एका हातानं बाकावरचा खटका, दुसऱ्यानं मताचं बटण दाबायचं आणि दुसरी घंटा होईपर्यंत धरून ठेवायचं, दोन्ही हात गुंतलेले. मध्येच सोडलं तर मत उमटत नाही. नव्या सभासदांची हमखास चूक. पहिल्या वर्षी माझीही झाली होती, शेजारचे हसले होते.
त्या दिवशी बाजूच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं. मग विरोधाच्या तांबड्यावर नेलं. मग उचललं. दुसरी घंटा झाली तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते. देवळात बसल्यासारखे.
कर्मचारी चिठ्ठी घेऊन आला. "आपका वोट नहीं आया, भर दीजिए." चिठ्ठी खिशात घातली. अजून पोथीत आहे, कोरी. रोज वाचताना खूण म्हणून सरकवतो.
पक्षाला सांगितलं, यंत्र. गावात सांगितलं, "माझं मत बिलाच्या बाजूला पडलेलं नाही." शब्द न् शब्द खरा. फुलांच्या मळ्यातल्या गया आक्कानं झेंडूचा हार घातला होता. ओला होता, सदऱ्याच्या आत पाणी उतरलं.

११ डिसेंबर
शहरात शिरताना द्वारका चौकात जीप अडकली. ट्रक, टांगे, सायकली. एका तरुण वार्ताहरानं तेवढ्यात गाठलं. "आपण विचाराने डावे की उजवे?"
म्हणालो, "मागच्या बाकावरचा." त्यानं ते लिहूनही घेतलं.
वाटेत विचार करत राहिलो. खरंच कुठला? शाळेत मास्तर विचारायचे, कळलं का, आणि मी मान अशी हलवायचो की हो पण आणि नाही पण. तीच मान घेऊन दिल्लीला गेलो की काय.

१४ डिसेंबर
पत्रकाचं प्रूफ आलं. दिनकरनं घातलंय, "जमिनीच्या बिलाला पक्षाचा हुकूम मोडून विरोध करणारे एकमेव खासदार." हुकूम देणारे फुटून आता समोरच्या बाजूला गेलेत, त्यामुळे सांगायला हरकत नाही म्हणतो. त्याला खरंच तसं वाटतं. यंत्राची गोष्ट मी पक्षाच्या भीतीनं रचली, असं त्यानं मनाशी जुळवलंय.
"जाऊ दे ना छापायला?"
हो म्हणालो नाही. नको म्हणालो नाही. तो प्रूफ घेऊन सायकलवरून गेला. वळणापर्यंत दिसत होता, हाक पोचली असती.

१९ डिसेंबर
पिंपळगावला सभा. कांद्याच्या ढिगांमध्येच मंडप. पत्रक मोठ्यानं वाचलं गेलं, त्या ओळीला टाळ्या. कांद्याच्या वासानं सगळ्यांचेच डोळे भरलेले, त्यात माझे खपून गेले.
परतताना जीपमध्ये डोळा लागला. सभागृहात झेंडूचे वाफे केलेले. बाकांच्या रांगांमधून पाट वाहतोय, आणि आमच्या शाळेची घंटा, तो रुळाचा तुकडा, छतापासून टांगलेला. मास्तर ती वाजवत नाहीत. हातोडा घेऊन माझ्याकडे बघत उभे. ओझरच्या अलीकडे विमानाच्या आवाजानं जाग आली. तोंडात नाम होतं, पण कितव्या मण्यावर आहे ते कळेना.

२४ डिसेंबर
मळेवाडी. सभा नाही, नुसता गेलो. गया आक्का फुलं खुडत होती. आईच्या बरोबरीची, मला तान्हा असताना पाहिलेली, त्यामुळे खासदार वगैरे काही नाही.
तिच्या वाफ्याच्या मधोमध मोजणीचा दगड. भोवती झेंडू दाटून आलाय.
"दगडाला बी पानी घालते. म्हणलं, उगवतंय का बघू."
"नोटीस आली का आक्का?"
"येईल. तुझ्या हातात काय हाय? तू तिकडं आमच्या बाजूनं बोट दाबलं, बास झालं. हारलास तर हारलास. बोट तर दाबलं."
तिच्या नखांना फुलांचा पिवळा रंग. मी त्या नखांकडेच बघत राहिलो. मग निघालो. ओंजळभर फुलं दिली तिनं, ती देवाला वाहवेनात. बाहेर तुळशीपाशी ठेवली.

२७ डिसेंबर
पोथीला बसलो. चिठ्ठीच्या पुढे वाचन सरकेना. तीच ओळ तीनदा.
हिनं विचारलं, "काय झालंय?" सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाली, "हे मला दीड वर्ष माहीत आहे. झोपेत तुमची बोटं हलतात." आणि भाजी चिरत राहिली.

२८ डिसेंबर
मळेवाडीची सभा, मारुतीच्या पारावर. पत्रक हातात धरलं आणि सांगितलं, ही ओळ खोटी आहे. बटण दाबलंच नाही. विरोधात नाही, बाजूनं नाही. घाबरलो आणि हात काढला. मग तुमच्याशी अर्धंच बोललो.
कुणीतरी मागून म्हणालं, "मंग हार परत करा आमचा!" थोडं हसणं झालं, विरलं. चार-सहा जण धोतर झटकून उठून गेले. गया आक्का बसून होती. पोथीतली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली, का ते मलाही कळलं नाही. तिला वाचता येत नाही. दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.
"कोरी हाय."
"हो आक्का."
घडी करून कमरेला खोचली.
परतताना नाक्यापाशी दिनकरनं सायकलीसाठी जीप थांबवायला लावली. मग म्हणाला, "निदान मला तरी आधी सांगायचं होतंत अण्णा. मी तुमच्यासाठी शपथ घेतली असती." त्याच्याकडे बघवेना.

१ जानेवारी १९८०
पडणार म्हणतात. पिंपळगावकडच्या लोकांनी प्रचाराची जीप वेशीवरूनच परत पाठवली.
सकाळी ओसरीत दिनकर. रुसून बसला असेल वाटलं होतं. उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे सोडून, पट्टी धरून ती ओळ निळ्या शाईनं खोडत होता. एकेक. मीही शेजारी बसलो. दुपारपर्यंत दोघांची बोटं निळी. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरत गेलं. बरं वाटत होतं.
पोथीत आता खूण नाही. कुठवर आलो ते लक्षात ठेवावं लागतं.

मतदानाचा दिवस
मळेवाडीच्या शाळेतच मत. माझ्याच वर्गात. रुळाचा तुकडा अजून ओसरीला टांगलेला, वाऱ्यानं जरा हलला, वाजला नाही. दर निवडणुकीला शाळेच्या दारात गया आक्काची फुलांची पाटी माझ्यासाठी असते. आज नव्हती.
आत पुठ्ठ्याच्या आडोशाला शिक्का हातात घेतला. कागदावर ठेवला आणि दाबून धरला. मनात दहा मोजले. बाहेर कुणीतरी खोकलं, मागे खोळंबले होते बहुतेक. या वेळी हात लवकर उचलला नाही.
बाहेर आलो तर बायकांच्या रांगेतून आक्का निघत होती. बोटाला शाई, नखं पिवळी. समोर येऊन थांबली. मी विचारलंही नव्हतं.
"दाबलं येकदाचं," म्हणाली. "कुनावर ते नाय सांगायची. तू बी दीड वरीस नाय सांगितलं."
आणि मळ्याकडे चालू लागली. कमरेला त्या चिठ्ठीचं पांढरं टोक दिसत होतं, की पदराचंच, लांबून कळलं नाही.