चार मिनिटं आधी

१० जून
रेडिओ-दुर्बिणीत एक ठोका! दुपारी १:२०. सेकंदाचा हजारावा भाग, की संपला. नवी संशोधिका नाचतेय — "मॅडम, मॅग्नेटारच! मेलेल्या ताऱ्याचा गोळा, भयंकर चुंबकीय. हे रेडिओस्फोट तेच करतात!" म्हटलं, आधी स्वयंपाकघरात बघ. मायक्रोवेव्ह चालू असताना दार उघडलं की अगदी असंच दिसतं. एकतीस वर्षं हेच ठरवतेय, आवाज आकाशाचा की घरचा. नोंदीपुढे लिहिलं "घरचा", सही केली.

११ जून
१:१६. आचाऱ्याला झापलं. "बाई, शपथ, हातसुद्धा लावला नाही." सगळे असंच म्हणतात.

१२ जून
१:१२. संचालकांना लिहून दिलं — आचारी ऐकत नाही, काढा. मायक्रोवेव्ह कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये.

१३ जून
आचाऱ्याला काढलं. दुपारी बारा वाजताच गेला. फाटकातून म्हणाला, "आता थंडच जेवा, डोकंही थंड राहील." उद्धट! दोन मुली शाळेत आहेत त्याच्या.
स्वयंपाकघरात एकटीच उभी होते, कपाटावर हात ठेवून. कुठे खुट्ट नाही. वर आले तर नोंद — १:०८.

१४ जून
१:०४. रात्रभर झोप नाही. वेळा एकाखाली एक लिहिल्या. रोज चार मिनिटं आधी! माणसं अशी जेवत नाहीत. तारे असे येतात — रोज चार मिनिटं लवकर. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकलेय मी हे.
आमची तबकडी हलत नाही. तो तारा डोक्यावर येतो तेवढी दोनच मिनिटं आम्हाला दिसतो. बाकी दिवसभर तो काय करत असेल?

१६ जून
उपग्रहवाल्यांना वेळा कळवल्या होत्या, त्यांचं पत्र आलं. पाचही वेळा, त्याच क्षणी, एका मॅग्नेटारमधून क्ष-किरणांचा भडका. संशोधिका पोरगी रडली. मी संचालकांना लिहिलं, चूक माझी. मग आचाऱ्याच्या घरी गेले. त्याने दार अर्धंच उघडलं. "सही तुमचीच होती ना बाई? तुमच्याच सहीचं पत्र आणा, मग येतो."
नेऊन दिलं.

१७ जून
आचारी कामावर आला. माझं ताट थंडच ठेवलं.
दुपारी माझी इथल्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची वही काढली. जून, दहा तारखेपासून. १:२०, १:१६, १:१२... पुढे माझ्याच अक्षरात "घरचा". तेव्हा इथे मायक्रोवेव्ह नव्हता. कारण लिहिलंय — जीपच्या इंजिनाची ठिणगी. त्या ड्रायव्हरला मी काढायला लावलं होतं.
त्याचं नाव आठवत नाही.