ब्रेक पॅडचा तिसरा जोड

मंगळवार, जेवणाची सुट्टी

प्रिय मास्तरीणबाई,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट फेकून द्यायचं मनात आलं असेल तर खुशाल फेक, पण आतला कागद वाचून झाल्यावर. माझा नंबर तू बंद केलास ते बरोबरच केलंस. तेव्हा फोनवर मी काय काय बोलायचो ते आता मलाच आठवायला नको वाटतं. म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. यात रडगाणं नाही. म्हणजे थोडं आहे, पण ते मध्येमध्ये आहे, तुला ओलांडून जाता येईल. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. तुझ्या बाबांना मी शब्द दिलाय, आणि हे पत्र लिहून तो मोडतोय. रविवारच्या आत तुला हे मिळायलाच हवं.

मी गॅरेजमध्ये काम करतो. कॉलेज सोडल्यावर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होतो. शेवटी आईनेच दंडाला धरून इथे आणून उभा केला. आमचे मिस्त्री, म्हणजे गॅरेजचे मालक, साठीचे आहेत. एका कानात कायम कापूस. बोलणं कमी, टोमणे जास्त. पहिल्या दिवशी म्हणाले, शिकलेला आहेस म्हणे, मग नट कुठल्या बाजूला सुटतो तेवढं सांग. मी दात-ओठ खाऊन जोर लावला आणि बोल्टच तोडला. ते म्हणाले, वा, कॉलेजातून का काढलं ते कळलं. मी म्हटलं, काढलं नाही, मी सोडलं. ते म्हणाले, बोल्टही असंच म्हणत असेल.

हसलीस ना? हस. त्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीबाहेर तू रडत उभी होतीस, तेव्हापासून तुझा हसरा चेहरा मी पाहिलेला नाही. ज्याने तुझ्याबद्दल ते घाणेरडं वाक्य टाकलं त्याचे दोन दात मी पाडले, त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण प्राचार्यांना माझ्या तोंडून फक्त दोन शब्द हवे होते: माझं चुकलं. तू दारातून हात जोडून खुणावत होतीस, म्हण ना, दोनच तर शब्द आहेत. मी ओळखपत्र टेबलावर फेकलं आणि निघालो. मला वाटलं तू मागून येशील. तुझी परीक्षा होती दुसऱ्या दिवशी. तू कशाला येशील?

तर, चार महिन्यांपूर्वी तुमची गाडी आमच्याकडे आली. मी दुसऱ्या गाडीखाली आडवा होतो. हॉर्नवरूनच ओळखली, अजून तसाच सर्दी झाल्यासारखा वाजतो. मागच्या काचेवर तू चिकटवलेला मासा आहे, शेपटी तेवढी गेलीय. शनिवारी मैदानावर तू त्या गाडीवर शिकायचीस आणि मी कठड्यावर बसून गाडी किती वेळा बंद पडते ते मोजायचो. एका दिवसात एकोणीस. बाबा डाव्या सीटवर, एक हात हँडब्रेकवर. तो हात कायम तिथेच असायचा, पण त्यांनी ब्रेक कधी ओढला नाही. शिकवणी सुरू करताना ती सीट मागे घ्यायचे आणि संपली की तुझ्या आईसाठी, काकूंसाठी, पुन्हा पुढे सरकवून ठेवायचे. काकूंचा पाय पुढे टेकायला हवा म्हणून. सीट अजून तशीच पुढे आहे. काकू गेल्यावर कुणी हलवलेलीच दिसत नाही.

बाबा उतरले, चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, अरे, तू? बरं झालं, हाताला काम लागलं. मला तो टोमणा वाटला. कॉलेज सोडल्यावर मी भर दुपारी तुमच्या फाटकाशी उभा होतो, तेव्हा याच माणसाने कुंडीला पाणी घालता घालता सांगितलं होतं, आधी काहीतरी पूर्ण कर, मग माझ्या दारात ये. ते वाक्य मी दोन वर्षं उशाला घेऊन झोपलोय. आणि आता ते माझ्यासमोर उभं राहून सांगत होते की ब्रेक नीट लागत नाहीत, पॅड बदल, आणि नेहमीचे कंपनीचेच घाल.

नेहमीचे मिळत नाहीत. ते मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली. एका दुकानात जुन्या साठ्यातला एक डबा होता, पण मिस्त्री म्हणाले, इतकी वर्षं पडून राहिलेला पॅड घालायचा नाही, त्याचा डिंक सुकतो, एखाद्या दिवशी अस्तर पत्र्यापासून सुटून हातात येईल. मग उरतात दुसऱ्या बनावटीचे. मऊ पॅड असतात ते गार असतानाही पाय ठेवला की धरतात, पण लवकर झिजतात. कडक असतात ते दोन-दोन वर्षं चालतात, मात्र तापल्याशिवाय नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि चाकाची लोखंडी चकती खातात. दिवसभर पळणाऱ्या भाड्याच्या गाड्यांना ते ठीक. घरातून निघून भाजीपर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या गाडीला मऊच घालायचे, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

मी कडक घातले. ते लवकर झिजणार नाहीत आणि या माणसाचं तोंड मला लवकर पाहावं लागणार नाही, एवढ्यासाठी. मिस्त्री बाहेर गेले होते. कुणाला कळलं नाही. हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय, ते पुढे येईल.

दीड महिन्याने गाडी परत आली. बाबा म्हणाले, थांबत नाही रे हवी तशी. डाव्या दारावर एक लांब ओरखडा होता, डावा आरसा सुतळीने बांधलेला.  आपलं पाप फिरून आलं, दुसरं काय. मी मान वर न करता पॅड काढले आणि आमच्याकडचे सगळ्यात चांगले मऊ पॅड घातले. चकती घासून घेतली, ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं. तू मास्तरीणबाई होऊन मागे लागायचीस, तरी इतकं मन लावून मी कॉलेजात एक वही लिहिली नाही. बाबा स्टुलावर बसून बोलत होते. मुलीचं ठरलंय, म्हणाले. मुलगा चांगला आहे, शांत आहे. त्या 'शांत'वर त्यांनी जोर दिला की मलाच तसं ऐकू आलं, कोण जाणे. माझ्या हातातला पाना पडला तेव्हा म्हणाले, सांभाळून, पायावर पडेल. मी पाना उचलला. म्हटलं, अभिनंदन काका.

गेल्या आठवड्यात ते तिसऱ्यांदा आले. तेच वाक्य. थांबत नाही. या वेळी माझं डोकं फिरलं. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर बोललो मी. म्हटलं, माझ्या कामात खोट काढायला येता का दर महिन्याला? मुलीच्या लग्नाची बातमी सांगून झाली, आता काय राहिलंय? ते रुमालाने चष्मा पुसत राहिले. मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. आधी चाक उघड, म्हणाले, तोंड नंतर उघड.

चाक उघडलं. मऊ पॅडवर काचेसारखी चकाकी चढली होती आणि चकती निळी पडली होती. एवढ्या थोड्या दिवसांत असं होत नाही. कुणीतरी पुन्हा पुन्हा, शेवटच्या क्षणी, सगळा जीव पायात आणून ब्रेक दाबला की होतं. आणि हा तो माणूस, ज्याच्या पॅडला तीन-तीन वर्षं काही व्हायचं नाही, जो तुला सांगायचा की ब्रेक असा लाव की मागच्या सीटवरच्या ग्लासातलं पाणी हलू नये. मिस्त्रींनी पॅड हातात फिरवला आणि म्हणाले, तू आजवर गाडी बघितलीस. आता जरा त्यांच्या शेजारी जाऊन बस.

बसलो. गुडघे पुढे टेकत होते. मी सीट मागे घेणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, राहू दे ती. राहू दिली. बाजाराच्या रस्त्याला लागलो. ते अगदी सरळ समोर बघून छान चालवत होते, तुझ्याबद्दलच बोलत होते. रविवारी येतेय, त्यालाही घेऊन येतेय. इतक्यात डावीकडून एक बाई सायकल हातात धरून रस्त्यात उतरली. मागे पोतं बांधलेलं. मला ती दिसत होती, अगदी स्पष्ट. बाबांचं बोलणं थांबेना आणि पायही हलेना. मी ओरडलो आणि हँडब्रेक ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली. सायकलचं चाक आमच्या बंपरला टेकलं होतं. बाई मला आणि बाबांना, दोघांनाही, वाट्टेल ते बोलत होती. आणि बाबा समोर बघून विचारत होते, कुठे? कोण? ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती गं. दोन हातांवर.

गाडी कडेला घेतली. त्यांनी इंजिन बंद केलं. मग समोरचा कप्पा उघडला, आत डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि डॉक्टरांचे कागद होते. काचबिंदू. डावीकडचं जे गेलंय ते परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब. गाडी चालवू नका असं डॉक्टरांनी लिहूनसुद्धा दिलंय. त्यांनी तीनदा चष्मा बदलून पाहिला आणि तीनदा माझ्याकडे आले. आयुष्यभर नकाशे काढणारा माणूस, केसाएवढी रेघ चुकली तरी ज्याला दिसायची.

तेव्हा मी ते दोन शब्द म्हणालो. माझं चुकलं, काका. पहिल्या वेळी मी कडक पॅड घातले होते, मुद्दाम. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं, तशी वळवावीच लागते त्यांना आता, आणि विचारलं, म्हणजे थोडा दोष पॅडचाही होता ना? इतक्या आशेने विचारलं. मी म्हटलं, हो, बराच होता.

मग म्हणाले, तिला सांगू नकोस. रविवारी एकदाच स्टेशनवरून आणतो दोघांना, मग गाडी विकून टाकतो. लग्न ठरलेल्या मुलीला आणायला बापाने काय भाड्याची गाडी न्यायची? मी म्हटलं, मी चालवतो, मी आणतो. त्यांनी विचारलं, जमेल तुला? त्यात टोमणा नव्हता. खरं सांगतो, मी पुढच्या आरशाकडे पाहिलं. त्यात मागची सीट दिसते, तुम्ही दोघं बसाल ती. ते माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, म्हणूनच म्हणतो, कुणाला काही सांगू नकोस. आणि मी म्हटलं, नाही सांगत. परत येताना गाडी मीच चालवली. घरी सोडून परत निघालो तेव्हा म्हणाले, चहाला थांबतोस का? मी फाटकाच्या आत होतो, ते नंतर माझ्या लक्षात आलं.

गाडी काल दिवसभर माझ्याकडे होती. चकत्या नव्या टाकल्या आणि तिसरा जोड घातला, मऊच. मोकळ्या रस्त्यावर नेऊन हलके ब्रेक लावत लावत चकतीवर बसवला. पाय ठेवला की थांबते, उगाच दाबू नकोस. हो, तू. कारण चावी तू मागायची आहेस, त्याचसाठी हे सगळं लिहिलं. रविवारी स्टेशनपर्यंत गाडी मी चालवत आणून देईन आणि तुम्ही बाहेर यायच्या आत निघून जाईन; बाहेर ते गाडीच्या दाराशी उभे असतील. काही कळल्याचं दाखवू नकोस, डोळ्यांचं विचारू नकोस, रडू तर अजिबात नकोस. सामान त्याच्याकडे दे, हात पुढे कर आणि लहानपणी हट्ट करायचीस तशी म्हण, बाबा, आज मी चालवणार, किती दिवस झाले. नको म्हणतील. ऐकू नकोस, तू कधी ऐकलंयस? मी ऐकलं नाही तर नुकसान होतं, तुझं तसं नाही. आणि ते डाव्या बाजूला बसतील तेव्हा त्यांचे गुडघे टेकतील. काकूंची सीट मी हलवलेली नाही. तूही हलवू नकोस. गाडी सुरू कर आणि थांब. ते स्वतःच खाली हात घालून सीट मागे घेतील. तेवढं झालं की निघ. त्यांचा हात हँडब्रेकवर जाईल, राहू दे तिथे.

तुझाच, आता कठड्यावर नसलेला,
एकोणीसपर्यंत मोजणारा