उलव्याचा चिखल

२ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

आज गाडीचं खरं बारसं झालं. तीन वर्षं नुसतं कामोठे ते बेलापूर ऑफिस आणि परत. एवढी दणकट डिझेल गाडी आणि वाहायचं काय, तर मीनाची भाजी. आज ऑफरोड ग्रुपबरोबर उलव्याच्या पुढे खाडीकाठी गेलो. चिखलात उतरणारा मी पहिला. बाकीचे काठावर उभे राहून अभ्यास करत होते. भित्रे लेकाचे.

गाडी मध्येच थांबली. अडकली नाही, थांबली. चिखल बॉनेटपर्यंत. शेवटी गावातला रोहिदास म्हणून एक जण ट्रॅक्टर घेऊन आला आणि त्याने ओढून काढली. वर मलाच विचारतो, शेट, हितं आमच्या म्हशी पन नाय उतरत, तुमी गारी कशाला घातली? म्हशीला फोर बाय फोर नसतं हे त्याला कोण सांगणार.

ठराव: आठवडाभर चिखल धुवायचा नाही. सोसायटीला बघू दे.

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी मुद्दाम गेटकडे तोंड करून लावली. समोरचा अरविंद आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीला पिवळ्या फडक्याने पुसत होता. रोज पुसतो. रात्री कव्हर घालतो, बाळाला दुपटं घालावं तसं. एवढीशी गाडी, एवढंसं डोकं. मला विचारतो, जेपी, अपघात वगैरे नाही ना झाला? मी नुसता हसलो. अशा माणसांना काय सांगणार?

मीनाचा एकच विषय. तेवीस तारखेला क्षिप्राचा साखरपुडा, तोही पुण्याला, तर भाड्याची मोठी गाडी सांगून ठेवू या का? नाही म्हणजे नाही. एकुलती एक लेक. तिला मी माझ्या गाडीतून नेणार, हॉलच्या दारात उतरवणार, आणि जावयाला टिळा मीच लावणार. पार्थकडची माणसं मला जरा शिष्टच वाटतात. भेटायला आले तेव्हा मला यायला थोडा उशीर झाला, तर त्याचे आजोबा सारखे घड्याळ बघत होते. त्यांना कळू दे मुलगी कुणाची आहे ते.

क्षिप्रा म्हणाली, बाबा, मला फक्त वेळेवर पोचायचंय. जसं काही मी रोज उशिराच पोचतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ग्रुपमधल्या निशांतचा लांबलचक मेसेज. म्हणे, चिखलातून आल्यावर पहिलं काम रेडिएटर आणि इंटरकूलर साफ करणं. इंजिनाचं पाणी गार करतो तो रेडिएटर, टर्बोची हवा गार करतो तो इंटरकूलर. दोन्ही जाळ्या एकामागे एक. मधे चिखल सुकला की वारा जात नाही आणि गाडी तापते. इंटरकूलर खोलायचा, हलक्या पाण्याने धुवायचा, तेही इंजिनाच्या बाजूने पुढे.

निशांत दिवसभर एसीत बसून कॉम्प्युटर बडवतो. वय काय, अनुभव काय! मी स्कूटरचा प्लग स्वतः साफ करायचो तेव्हा हा रांगत असेल. उत्तरात अंगठा पाठवला.

ठराव: रविवारी पुढून पाणी मारायचं. खोलाखोली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

पाणी मारलं नाही. फेट्याच्या दुकानात जायचं होतं. मोरपंखी, जरीकाठी, तयार बांधलेला. दुकानदाराने टेप लावला आणि म्हणाला, मीडियम. माझ्या डोक्याला मीडियम! टेप ढिली असणार. घेतला, कारण रंग भारी होता. घरी आरशासमोर घालून टिळा लावायची प्रॅक्टिस केली. मीना म्हणाली, फेट्याची प्रॅक्टिस नंतर, आधी गाडी धुवा, पार्किंगमध्ये ढेकळं पडतायत, झाडूवाली मला बोलते. झाडूवालीला ऑफरोडमधलं काय कळतं?

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसहून येताना टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर. सिग्नलला आणखी वर. एसीतून कोमट वारा. या नव्या गाड्यांचे सेन्सर नाजूक असतात, लगेच घाबरतात. एसी बंद करून काचा उघडल्या. काटा जरा खाली आला. बघा, काही झालेलं नाही.

मीनाने परत भाड्याच्या गाडीचं काढलं. मी जेवणावरून उठणार होतो, पण मटकीची उसळ होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कामाला हात घातला. प्रेशर वॉशर आणला. सोसायटीत पाइपने गाडी धुवायला सक्त मनाई आहे, टँकरचं पाणी. नोटीस माझ्याच सहीची, सेक्रेटरी मीच. पण ती नोटीस गाडी धुणाऱ्यांसाठी. मी देखभाल करत होतो.

निशांत म्हणे हलकं पाणी, लांबून. मी फुल प्रेशर, एका वितीवरून, थेट समोरून. समोरून ढकलला की चिखल मागून पडणार, साधं लॉजिक आहे. दोन तासांत जाळी आरशासारखी. मागून फारसं काही पडलं नाही, म्हणजे आत काही नव्हतंच.

जाळीच्या बारीक पत्त्या मात्र पाण्याच्या माऱ्याने झोपल्या. क्षिप्राचा भुवयांचा चिमटा घेऊन एकेक उभी केली. निम्म्या झाल्या आणि मान धरली. बाकीच्या राहू देत झोपलेल्या, कोण बघतंय. चिमटा धुऊन जागेवर ठेवला.

अरविंद नोटीस बोर्डाशी उभा राहून नोटीस वाचत होता. मग माझ्याकडे आला आणि म्हणतो, साखरपुड्याला आम्ही दोघं तुमच्या मागूनच येऊ, काही लागलं तर आहोत. मागूनच येणार. पुढे जायची ताकद कुठाय त्या डब्यात?

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काटा परत वर. कळंबोलीच्या पुलाखाली ट्रकांमध्ये अडकलो होतो, त्यामुळे. ट्रकवाल्यांच्या गरम धुराने दुसऱ्याची गाडी तापते हे कुणी लक्षातच घेत नाही.

निशांत म्हणाला, काका, शनिवारी मी येतो, चार बोल्ट आहेत, इंटरकूलर खोलून मागचा चिखल काढू, अर्ध्या दिवसाचं काम. काका! त्याला सांगितलं, समोरून येऊन बघ, तोंड दिसेल तुझं. तो म्हणाला, समोरून नाही हो, मधे बघायला हवं. वाद घालायची खोड.

क्षिप्रा विचारत होती चिमट्याला माती कशी. म्हटलं पार्लरवाल्यांचं काही सांगता येत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्लॅन पक्का. सहाला निघायचं, अकराचा मुहूर्त, साडेआठपर्यंत पुण्यात. पार्थचे आजोबा दात घासत असतील तेव्हा मी हॉलच्या दारात. साड्यांची ताटं, मिठाईचे खोके, फेट्याचा डबा डिकीत. मीनाने शेवटचं विचारलं, गाडी नीट आहे ना? मी म्हटलं, माझ्यावर सोड. तिने दिवा मालवला. पटलं असणार.

२३ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

घाटात, रस्त्याच्या कडेला बसून लिहितोय. गाडी विश्रांती घेते आहे.

निघायला सात वाजले, मीनाचा अंबाडा. एक्स्प्रेसवेवर काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला. घाट सुरू झाला तसा काटा लालच्या कडेला. मग अनुभवाने सुचलेली युक्ती केली. हीटर फुल. इंजिनातली उष्णता आत ओढून घ्यायची. मीना पैठणीत, क्षिप्रा भरजरी शालूत, आणि आत भट्टी. मीना जे बोलली ते इथे लिहीत नाही. क्षिप्राच्या गालांवरून मेकअप उतरत होता. ती फक्त म्हणाली, बाबा, बंद करा ना प्लीज. पुढच्या वळणावर इंजिनाने पॉवर सोडली आणि बॉनेटमधून वाफ.

काही मिनिटांत मागून अरविंद. सत्तरच्या वर न जाणारा माणूस पोचायचा तेव्हाच पोचतो. फार विचारलंसुद्धा नाही, डिकी उघडून ताटं, खोके, सगळं आपल्या गाडीत भरायला लागला. मीना आणि क्षिप्रा मागे, त्याची बायको पुढे. मीना म्हणाली, खोके मांडीवर घेते, तुम्ही पण बसा, टोवाल्यांना फोन करा आणि चला. मी म्हटलं, गाडी गार झाली की अर्ध्या तासात तुम्हाला गाठतो. त्या डब्यात बसून लेकीच्या साखरपुड्याला जाऊ? क्षिप्राने माझा हात धरला होता. चला ना बाबा, म्हणाली. मी म्हटलं, आलोच.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

गाडी गार व्हायला वेळ लागतोय. एकदा सुरू केली, दोन वळणं गेली, परत वाफ.

अकराला क्षिप्राचा फोन. कुठपर्यंत? म्हटलं, पोचलोच, दहा मिनिटं. परत फोन आला, परत दहा मिनिटं म्हटलं. तिचा आवाज बसला होता. म्हणाली, बाबा, सगळे थांबलेत तुमच्यासाठी, खरं सांगा ना. मी म्हटलं, रेंज नाहीये, आणि फोन ठेवला. रेंज होती.

नंतर मीनाने केला. भटजी म्हणतात मुहूर्त टळतोय, टिळा कुणीतरी लावायला हवा. मी म्हटलं, बघा तुम्हीच.

आता टोची गाडी आली आहे. गाडी कळंबोलीला जाणार. पुण्याच्या उलट दिशेला. ड्रायव्हर विचारतो, साहेब, लग्नाला निघाला होता काय?

२४ नोव्हेंबर, सोमवार

निशांत आला. इंटरकूलर खोलला. पुढून चकचकीत, आणि मागे, दोन जाळ्यांच्या मधे, उलव्याचा चिखल जसाच्या तसा, विटेसारखा घट्ट. माझ्या पाण्याने आणखी ठासून बसवलेला. आत गवताची काडी आणि एक बारीकसा शिंपला. निशांत काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मीनाने फोटो पाठवले. स्वयंपाकघरातून पाठवले, दिवाणखान्यात येऊन दाखवले नाहीत. क्षिप्रा हसते आहे, डोळे सुजलेले. पार्थचे आजोबा अरविंदचा हात हातात घेऊन उभे. पुढच्या फोटोत अरविंद पार्थला टिळा लावतोय.

डोक्यावर मोरपंखी फेटा. डबा त्याच्या गाडीत गेला होता.

फोटो मोठा करून पाहिला. कुठे ढिला नाही, कुठे घट्ट नाही. मीडियम.