वाचायची राहिलेली ओळ

कोंडामावशी,
पाया पडतो.

गावातले अर्ज भरतो तसा तुमच्या मल्हारचा फौजेचा अर्जही मीच भरला. संमतीच्या कागदावर अंगठा लावताना तुम्ही विचारलं होतं, "काय लिवलंय रे, बन्सीधर?" मी म्हणालो, "नोकरीचं हाय, मावशी." लढाईत जिवाला धोका आहे, ही ओळ मी वाचलीच नाही. माझा भाऊ महारुद्र मल्हारच्याच वयाचा. त्याचा अर्ज मात्र फोटो चुकल्याचं निमित्त सांगून मी पेटीत ठेवला.

सरहद्दीवर गोळीबार सुरू झाल्यापासून मी तुमची वाट टाळत होतो. काल तुम्हीच मेंढरं थांबवून म्हणालात, "मल्हारचा फोन आल्ता. बरा हाय. तुझ्यामुळं पोरगं मार्गाला लागलं बघ."

आज शालूकाकू त्यांच्या मुलाचा तसाच संमतीचा कागद घेऊन आल्या. मी तो सगळा वाचला, ती ओळ दोनदा. काकू कागदाची घडी घालून म्हणाल्या, "पोराला घिऊन येते. त्याच्यासमोर परत वाच." घरी येऊन महारुद्रचा अर्ज मी त्याच्या हातात दिला.

हे पत्र पाठवलं तर तुम्हाला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल. म्हणून उद्या मेंढरं सुटायच्या आधी तुम्ही अंगठा लावलेल्या कागदाची प्रत घेऊन मीच येतो. तुम्ही रागावलात तरी शेवटपर्यंत वाचीन.

तुमचा,
बन्सीधर
बोरी