दिपिकेचा लांबडा तुकडा

मी सकुबाई अनंता निचिते, वय अठ्ठावन्न, राहणार सापगाव, तालुका शहापूर. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. माझ्यामागे काय व्हावे ते सांगून लिहवून घेते.

१. राहते घर आणि भांडी मुलगा आदेश याला.

२. घरामागची माझ्या नावावरची जागा मी स्वतः सहा फुटी काठीने मोजली आहे. बारा बाय बारा काठ्यांचा चौकोन आदेशचा. मुलगी दिपिकेलाही तेवढेच द्यायचे होते, पण रस्त्याकडेला रुंदी नऊच काठ्या निघाली. म्हणून लांबी सोळा धरली. तो तुकडा तिचा.

आदेश म्हणाला, “आये, तिचा लांबडा हाय. तिला जास्त गेला.” मी एकशे चव्वेचाळीस चिंचोके बारा-बाराच्या बारा ओळींत मांडले. तीन ओळी उचलल्या, छत्तीस झाले. उरलेल्या नऊ ओळींत चार-चार वाटले. एकही उरला नाही. “सारखाच हाय गो,” तो म्हणाला.

हे मला दिपिकेने शिकवले, १९९२ साली, ती चौथीत असताना. ओटीवर चिंचोके मांडून म्हणायची, “आये, सोळाचा चौकोन होतो बघ. चार ओळी, चार-चार.”

“आन् सतरा?”

“नाय बसत गो. एक उरतोच.”

मी शाळा पाहिली नव्हती. त्या दुपारी गुणाकार म्हणजे काय ते कळले आणि उगाच हसत सुटले. तशी मी नंतर हसले नाही.

३. दीर चांगो यांना काही नाही. “पोरीला गणित कशाला?” म्हणत त्यांनी तिची शाळा सातवीत सोडवली. मी गप्प बसले, तो दोष माझा.

४. २००१ साली दिपिकेने मुरबाडच्या मुलाशी आपल्या पसंतीने लग्न केले. पाया पडायला आली तेव्हा मी आतून कडी लावली. ती बराच वेळ “आये, आये” करत होती. सहा वर्षे झाली. रस्त्यावर बायकांचा आवाज आला की अजून कान देते.

५. मी गेल्यावर आदेशने स्वतः मुरबाडला जावे, निरोप पाठवू नये. ती येईपर्यंत मला उचलू नये. ती आली नाही तर तिला कोणी बोल लावू नये. कडी मी लावली होती.

वाचून घेऊन, समजून सही केली.

सकुबाई अनंता निचिते

साक्षीदार:
वाल्मिक भगीरथ फर्डे
जनी बाळू भोईर

सापगाव, १४ नोव्हेंबर २००७