नाकावरचा पदर

मनोरी, १९८९

सगुणे,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. गोरेगावच्या स्टुडिओत तुला सगळे मानसी म्हणतात. मनोरीच्या कोळीवाड्यातून सगुणाला आलेलं पत्र तिथे कुणी उघडलं, तर तुझी वाट लागेल. पण विचारल्याशिवाय राहवत नाही गं.

काल दुपारच्या सिरियलमध्ये तू बंगल्याच्या दारात उभी होतीस. कोळीण मासे घेऊन आली आणि तू नाकाला पदर लावलास. ती नटी पापलेट शेपटीला धरून उभी! "ताजं आहे" म्हणते आणि कल्ला उघडून आतली लाली दाखवत नाही. तिला सांगायला तुझा जीव तळमळला नाही का?

चंदरकाकाच्या घरात टीव्हीपुढे बसलेल्या सगळ्या बाया आईकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता आई उठून जाणार. तर ती आणखी पुढे सरकून बसली.

"मार्वेच्या बसमधली ती बाई," आई म्हणाली. "पोरीने हुबेहूब उचलली."

मग मलाही आठवलं. आईची माशांची पाटी बघून त्या बाईने असाच दोन बोटांत पदर धरला होता, करंगळी वर करून. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतीस. इतकी वर्षं मला वाटायचं, तुला ते दिसलंच नाही.

एवढंच सांग, काल त्या पदराआड तुझं तोंड कसं होतं? आई म्हणते, हसत होतीस. मला काही कळलं नाही. पदर तू शेवटपर्यंत खाली घेतलाच नाहीस.

तुझी धाकटी बहीण,
पुतळा